क्रियापदापुढची जागा

१ जुलै २०२४, सोमवार

आठवीच्या फळ्यावर आज क्रियापदं लिहिली: 'रन', 'लाफ', 'स्लीप', 'ईट', 'ब्रेक', 'हॅव', 'नो'. यांतली ॲक्शन व्हर्ब कोणती, असं विचारलं तर वर्गाने एका सुरात सांगितलं, सगळीच. 'व्हर्ब म्हणजे ॲक्शन वर्ड' हे त्यांच्या तोंडी लहानपणापासून बसलेलं आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, तेव्हा घोकायला वेळही भरपूर मिळालेला. खिडकीजवळच्या मुलीने मात्र हात वर केला. "बाई, 'आय हॅव टू ब्रदर्स' म्हणताना मी करते काय?"

काहीच करत नाही. दोन भाऊ आहेत, एवढंच. पण 'आय हॅव' म्हणून थांबता येत नाही. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. उलट 'लाफ' आणि 'रन' यांत सगळं अंग हलतं, तरी 'शी लाफ्ड' एवढ्यावर वाक्य पुरं होतं. म्हणजे क्रियापदात हालचाल आहे का, हा एक प्रश्न आणि त्याला कर्म लागतं का, हा दुसरा. पहिला अर्थाचा, दुसरा वाक्य बांधण्याचा. 'ॲक्शन वर्ड' या एका नावाखाली आपण दोन्ही मुलांना एकत्र बांधून देतो आणि मग 'ऑब्जेक्ट' आला की ती गोंधळतात. मुलीला मी सांगितलं, तुझा प्रश्न वहीत लिहून ठेव, पुढचा सगळा धडा त्यावरच चालणार आहे.

३ जुलै, बुधवार

गाइडांमधली युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे: क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारा, जे उत्तर येईल ते कर्म. 'ही एट अ मँगो.' काय खाल्लं? आंबा. इथपर्यंत ठीक.

मग दिलं, 'हिज ब्रदर बिकेम अ टीचर'. काय झाला? टीचर. उत्तर मिळालं म्हणून निम्म्या वर्गाने टीचरखाली कर्माची रेघ ओढली. पण इथे भाऊ आणि टीचर एकच माणूस आहे. क्रिया एकाकडून निघून दुसऱ्यापर्यंत गेलेलीच नाही. मराठीत आपण याला विधिपूरक म्हणतो. 'शी स्लेप्ट द होल आफ्टरनून' यातही क्रियापदाच्या पुढे नाम बसलंय, पण दुपारला झोपेने काही केलेलं नाही, ती फक्त वेळ सांगते.

दुसरी कसोटी दिली, वाक्य उलटं करून बघा. 'द मँगो वॉज ईटन' चालतं. 'अ टीचर वॉज बिकम' कोणी म्हणणार नाही, 'द होल आफ्टरनून वॉज स्लेप्ट' तर नाहीच. पण 'टू ब्रदर्स आर हॅड बाय मी' हेही कोणी म्हणत नाही आणि तरी तिथे कर्म आहे. मग तिसरी: त्या जागी 'हिम' किंवा 'देम' बसतंय का? 'आय हॅव देम' बसतं. 'ही बिकेम हिम' बसत नाही. एकटी कुठलीच कसोटी पुरत नाही, दोन-तीन लावून बघाव्या लागतात. पुस्तकांनी हे मुलांपासून लपवू नये. मुलांना नियमाची मर्यादा कळली की ती नियम जास्त जपून वापरतात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तास संपताना एकाला 'ही रन्स अ शॉप' वाचून हसू आलं. "बाई, दुकान पळवतो?" त्याच्या शेजारच्याने, ज्याच्या घरचं किराण्याचं दुकान आहे, गंभीरपणे सांगितलं, "पळवत नाही रे, चालवतो." चालणे आणि चालवणे. दुकान चालतं, बाबा ते चालवतात. हा धागा पुढे धरायचा.

५ जुलै, शुक्रवार

कर्म ही इंग्रजीतून आलेली कटकट आहे, असं मुलांना वाटतं. म्हणून आज इंग्रजीचा शब्दही न काढता मराठी वाक्यं म्हणून घेतली. 'रवीने आंबा...' 'खाल्ला!' 'रवीने पोळी...' 'खाल्ली!' 'रवीने केळं...' 'खाल्लं!' खाणारा तोच आहे. मग 'खाल्ला'चं 'खाल्ली' कोणामुळे झालं? थोडी शांतता आणि मग चौघं-पाच जण एकदम, "पोळीमुळे!"

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मराठी बोलणारं तीन वर्षांचं पोर भूतकाळातलं वाक्य बोलताना कर्माचं लिंग-वचन पाहून क्रियापद फिरवतं. कर्म ओळखायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आठवीतल्या मुलाच्या कानात ही जाण पक्की बसलेली असताना आपण इंग्रजीच्या तासाला त्याला काही येत नाही असं धरून सुरुवात करतो. कर्मणी प्रयोग मराठीच्या तासाला, ऑब्जेक्ट इंग्रजीच्या तासाला. दोन शिक्षक, दोन वह्या, आणि दोन्हींची गाठ कोणी घालून देत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हरकत आली. "पण बाई, आपण 'मी धडा शिकलो' म्हणतो. 'मी धडा शिकला' नाही म्हणत." बरोबर आहे. शिकणे, विसरणे, जिंकणे, बोलणे, पिणे ही क्रियापदं कर्म घेतात आणि तरी भूतकाळात कर्त्याच्याच मागे जातात: 'ती कविता विसरली', 'आम्ही सामना जिंकलो', 'तो पाणी प्यायला'. मी ती फळ्याच्या कोपऱ्यात वेगळी लिहिली. मग खाणे आणि जेवणे घेतलं. कृती एकच, 'खाल्लं' म्हटलं की काय ते सांगावं लागतं, 'जेवलो' एवढं पुरतं. दोघांनी लगेच सांगितलं, आमच्या घरी 'भात जेवलो' म्हणतात. कोकणात म्हणतातच. तरीही 'जेवलो' भाताप्रमाणे फिरत नाही.

इंग्रजीतही असंच आहे: 'डाइन'ला कर्म चालत नाही, 'ईट'ला असलं तर ठीक, नसलं तरी ठीक, 'डिव्हावर'ला हवंच. तिन्ही खाण्याचीच क्रियापदं.

९ जुलै, मंगळवार

पावसाने एसटी उशिरा, वर्ग अर्धा. आलेल्यांना कागदाच्या चिठ्ठ्या करायला लावल्या. मराठीचे तीन तुकडे: 'कुत्र्याने', 'मांजराला', 'पाहिलं'. कसेही मांडा, बघणारा कुत्राच राहतो. इंग्रजीचे तीन: 'द डॉग', 'सॉ', 'द कॅट'. टोकाच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की मांजर बघायला लागतं. आपल्याकडे 'ला' जे काम करतो ते तिकडे जागा करते. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते, पुढे ते झिजून गेले; 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम', 'हूम' एवढ्या सर्वनामांत त्यांची खूण उरली आहे.

'आय सॉ टू द कॅट' असं जे मुलं लिहितात, तो हा 'ला' सोबत नेण्याचा प्रयत्न असतो. सजीव कर्म आलं की मराठी कान प्रत्यय मागतो. आंबा पाहिला, पण मांजराला पाहिलं. म्हणून 'आय सॉ टू द मँगो' कोणी लिहीत नाही. चूक कुठून येते हे मुलाला दाखवलं की नुसत्या लाल रेघेपेक्षा जास्त उपयोग होतो.

१२ जुलै, शुक्रवार

आज चालणे-चालवणेचा धागा धरला. मुलांनी घरून जोड्या आणायच्या होत्या, आणि त्यांनी ढीग आणला. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे, चरणे-चारणे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. एकीने 'फिटणे-फेडणे' आणलं, कर्ज फिटलं आणि कर्ज फेडलं. आजीने सांगितलं म्हणाली. आतला एक स्वर बदलला, कधी एखादं व्यंजनही, की अकर्मकाचं सकर्मक होतं. हे यंत्र मराठीच्या पोटात किती जुनं आहे आणि अजून किती सुरळीत चालतं, हे पाहून मलाच भरून आलं.

मग 'ब्रेक'. 'द कप ब्रोक', कप फुटला. 'शी ब्रोक द कप', तिने कप फोडला. इंग्रजीने रूप बदललंच नाही. 'ओपन', 'मेल्ट', 'बर्न', 'मूव्ह', 'रिंग', 'बॉइल' सगळी अशीच. मराठीच्या सवयीने मुलांना वाटतं की 'द कप ब्रोक' अपुरं आहे, कोणीतरी फोडणारा हवा, म्हणून ती 'द कप वॉज ब्रोकन' करतात. चूक नाही ते. पण त्या वाक्यामागे फोडणारा उभा राहतो, किंवा कप आधीच फुटलेला होता असा अर्थ निघतो. आपोआप फुटला असं म्हणायचं तर 'ब्रोक' पुरतं. पुढे जागा रिकामी असली की 'फुटणे', भरली की 'फोडणे'.

इंग्रजीतही एके काळी आपल्यासारख्या जोड्या होत्या, हे सांगितलं तेव्हा वर्ग पुढे सरकून बसला. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे पाडणे. लाकूडतोड्या झाड 'फेल' करतो. 'सिट' आणि 'सेट': बसणे, बसवणे. 'लाय' आणि 'ले'. 'राइज' आणि 'रेझ', यातलं 'रेझ' स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या बोलीतून आलं. 'ड्रिंक' म्हणजे पिणे आणि 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे. आज त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा झाला आहे. जुन्या जर्मानिक भाषांत क्रियापदाला एक प्रत्यय लागून ती प्रयोजक होत आणि त्या प्रत्ययाच्या प्रभावाने आधीचा स्वरही पालटे. प्रत्यय गेला, काही जोड्यांत स्वराचा फरक राहिला. गोंधळ एवढाच की 'फॉल'चा भूतकाळही 'फेल' आणि 'लाय'चा भूतकाळ 'ले'. यावर इंग्रजी घरात जन्मलेलेही अडखळतात.

आणि मग मुलांनीच मला थांबवलं. "बाई, 'दार उघडलं' आपणही दोन्हीकडे वापरतो." वाऱ्याने धक्का दिला, दार उघडलं, आईने दार उघडलं. पाठोपाठ 'पाणी सांडलं', 'काठी मोडली', 'घागर भरली'. मराठी व्याकरणात यांना उभयविध क्रियापदं म्हणतात, मोडणे आणि उघडणे ही त्यांची ठरलेली उदाहरणं. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे नाव आज त्यांना पहिल्यांदा उपयोगी पडलं. 'ब्रेक' परकं राहिलं नाही. उघडण्यासारखंच आहे, एवढं म्हणून पुढे जाता आलं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. शाळेला सुट्टी. दिवसभर पाणिनी उघडून बसले.

कर्माची त्याची व्याख्या फार सुंदर आहे: कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक गाठायचं असतं, ते कर्म. इथे हालचाल किंवा धक्का नाही; मनाचा रोख आहे. लगेच पुढच्या सूत्रात तो म्हणतो की नको असलेलं पण तसंच क्रियेशी जोडलं गेलेलं, तेही कर्म. परंपरेतलं उदाहरण असं की गावाला जाणाऱ्याचा वाटेत गवताला स्पर्श होतो. गवत त्याला नकोच होतं. 'आय लॉस्ट माय पेन', 'ही सॉ ॲन ॲक्सिडेंट' या वाक्यांत काय होतं ते समजावायला मला याहून चांगला दाखला सापडणार नाही.

इंग्रजी शाळांत एकोणिसाव्या शतकात सर्वदूर चाललेलं लिंडले मरेचं व्याकरण १७९५चं. त्याने क्रियापदांचे तीन वर्ग केले: ॲक्टिव्ह, पॅसिव्ह आणि न्यूटर. ॲक्टिव्हमध्ये कर्ता आणि ज्यावर क्रिया घडते तो, दोन्ही हवेत. झोपणे, बसणे न्यूटरमध्ये. मग चालणे आणि धावणे? त्यांत कृती आहे आणि कर्म नाही. वर्गांची नावं कृतीवरून ठेवली की ही अडचण येणारच. आजच्या 'ॲक्शन वर्ड'चं मूळ मला याच विचाराच्या घराण्यात दिसतं. संस्कृतातली सकर्मक-अकर्मक ही वाटणी अधिक स्वच्छ वाटते, कारण ती फक्त कर्म आहे का एवढंच विचारते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरा होत्या. आपल्या मुलांना त्या दोन्हींचा वारसा मिळालेला आहे आणि तो वापरायला हवा.

संस्कृतात 'जाणे'लाही कर्म चालतं, गाव हेच कर्म. इंग्रजी 'गो'ला चालत नाही, 'टू' हवा. पण 'रीच'ला 'टू' चालत नाही. वारकरी 'वेंट टू पंढरपूर' आणि 'रीच्ड पंढरपूर'. परवा हे वाक्य द्यायचं.

१९ जुलै, शुक्रवार

'दे रीच्ड टू पंढरपूर.' बहुतेकांनी असंच लिहिलं. पोहोचणे म्हटलं की 'ला' आठवतो आणि 'ला' म्हणजे 'टू' हे पक्कं झालेलं. त्याच कुळातली आणखी वाक्यं फळ्यावर गोळा झाली: 'डिस्कस्ड अबाउट', कारण आपण कशाविषयी तरी चर्चा करतो, 'एंटर्ड इन द रूम', कारण खोलीत शिरतो, 'मॅरिड विथ हर', कारण लग्न तिच्याशी होतं. आणि उलट बाजूला 'आय लिसन म्युझिक', कारण मराठीत गाणं सरळ ऐकतात. बसची वाट पाहिली, यात तर 'वाट' हेच 'पाहिली'चं कर्म आहे, आणि इंग्रजी त्या सगळ्याचं 'वेटेड फॉर द बस' करते.

इथे तर्क चालत नाही. 'टॉक अबाउट' का आणि नुसतं 'डिस्कस' का, हे अर्थावरून काढता येणार नाही. क्रियापद शिकतानाच त्याच्यापुढे काय बसतं ते शिकायला हवं, नवीन माणसाची ओळख होताना नावाबरोबर त्याचं गावही विचारतो तसं. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते. जपानी मुलांना हीच अडचण येते हे पाहून त्यांनी शब्दकोशातल्या क्रियापदांना रचनेच्या खुणा दिल्या, पंचवीस नमुने ठरवून. तो कोश १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. परक्या भाषेच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने केलेलं ते काम आहे, म्हणून मला त्याच्याविषयी खास आदर आहे.

वाचनालयातला जुना कोश वर्गात आणला. त्यात क्रियापदापुढे 'व्ही.टी.' किंवा 'व्ही.आय.' छापलेलं असतं, सकर्मक आणि अकर्मक. आजवर ही अक्षरं कोणी वाचलीच नव्हती. तासाच्या शेवटी कोशासाठी रांग लागली होती. सगळ्यात जास्त आनंद 'व्ही.टी.' आणि 'व्ही.आय.' दोन्ही असलेली क्रियापदं सापडल्यावर.

२३ जुलै, मंगळवार

'बाई, एक्सप्लेन मी धिस सम.' आज सकाळीच, व्हरांड्यात. 'गिव्ह मी', 'शो मी', 'टेल मी' चालतं म्हणून 'एक्सप्लेन मी' केलं, विचार अगदी रास्त आहे. पण 'एक्सप्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट' ही लॅटिनकडून आलेली क्रियापदं साधारणपणे दोन कर्मं शेजारी शेजारी बसू देत नाहीत. माणसाआधी 'टू' लागतो. इंग्रजीच्या घरची छोटी क्रियापदं बसू देतात. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' याला अपवाद. गणित समजावून मग हे सांगितलं.

२६ जुलै, शुक्रवार

चाचणीचे पेपर तपासले. 'रीच्ड टू' बरंच कमी झालंय, 'डिस्कस अबाउट' अजून आहे. संवादलेखनात मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. 'डिड यू ब्रिंग द बुक?' 'येस, आय ब्रॉट.' 'डिड यू लॉक द डोअर?' 'येस, आय लॉक्ड.' जवळजवळ प्रत्येक पेपरात.

मराठीत हे इतकं सहज आहे की त्यात काही गळलंय हे लक्षातच येत नाही. 'पुस्तक आणलंस?' 'आणलं.' आणि पुस्तकाची आठवण 'आणलं'च्या शेवटच्या स्वरात शिल्लक असते. वही असती तर 'आणली' झालं असतं. इंग्रजी क्रियापद अशी कुठलीच खूण ठेवत नाही. म्हणून तिथे 'इट' लागतो. सर्वांत छोटं कर्म, कधी कधी ऐकूही न येणारं, पण जागा रिकामी ठेवता येत नाही. 'आय एट' चालतं, कारण 'ईट' कर्माशिवायही राहतं. 'ब्रॉट', 'लॉक्ड', 'वॉन्ट', 'लाइक' असे राहू शकत नाहीत.

खिडकीजवळच्या मुलीने 'आय डोन्ट हॅव' लिहून खोडलं होतं आणि वर 'आय डोन्ट हॅव इट' केलं होतं. तिला पेपर देताना त्या खाडाखोडीखाली मी बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले. सोमवारी वर्गात नुसते प्रश्नोत्तरांचे खेळ घ्यायचे, लिहिणं नाही, फक्त बोलणं. एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, आणि प्रत्येक उत्तरात 'इट', 'हिम' किंवा 'देम' ऐकू आला पाहिजे.